रानाच्या कांठावरची गोचीड व आपलें कर्तव्य

फाल्गुन लागला कीं दक्षिण कोंकणांत काजूचीं बोंडें पिकूं लागतात, राबाकरितां पातेरा गोळा करण्याची घाई सुरू होते, आणि त्याच दिवसांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग व सावंतवाडी या तालुक्यांत, तसेंच शेजारच्या गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत, माकडतापाची धास्ती लोकांच्या मनांत उभी राहते. रानांत एखादें माकड मरून पडल्याची वार्ता आली कीं मजूर बागेंत पाऊल घालावयास कचरतात. मग आपण माकडांस दोष देतों, रानास दोष देतों, आरोग्य खात्यास दोष देतों; आणि मृगाचा पाऊस पडला, ताप थांबला, म्हणजे सारें विसरून जातों. प्रस्तुत लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें असें कीं, ही विसरण्याची वेळ हीच खरी काम करण्याची वेळ होय. फाल्गुनांत जी गोचीड माणसास डसते तिची आई आदल्या पावसाळ्यांत आपल्याच गुरांच्या रक्तावर, आपणच तोडून ठेवलेल्या रानाच्या कांठावर पोसली गेलेली असते.

प्रथम या रोगाची हकीकत थोडक्यांत देतों. सन १९५७ मध्यें तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, सोरब तालुक्यांतील क्यासनूर नांवाच्या रानांत माकडें मरून पडूं लागलीं व आसपासच्या खेड्यांतील माणसें एका नव्याच तापानें आजारी पडलीं. दक्षिण अमेरिकेंतील पीतज्वर अशाच रीतीनें माकडांस मारतो, म्हणून तो आपल्या देशांत शिरला कीं काय अशी भीति आरंभीं वाटली. पुण्यास सन १९५२ मध्यें स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्रानें, ज्यास हल्लीं राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था असें नांव आहे, या प्रकरणाचा शोध केला. तेव्हां असें आढळलें कीं, हा ताप डांसापासून येणारा पीतज्वर नसून गोचिडीपासून येणारा आहे, आणि त्याचा विषाणु रशियांत गोचिडीच्या दंशानें होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा आप्त आहे. पुष्कळ वर्षें हा रोग शिमोग्याच्या भोंवतींच राहिला. पुढें तो सह्याद्रीच्या रांगेनें दक्षिणोत्तर पसरला. सन २०१५ मध्यें तो सत्तरी तालुक्यांतील पाली गांवीं दिसला व सन २०१६ च्या आरंभीं दोडामार्ग तालुक्यांत उघड झाला.

गोचीड चावल्यापासून साधारणपणें ३ ते ८ दिवसांत एकाएकीं थंडी वाजून मोठा ताप भरतो, डोकें असह्य दुखतें, अंग मोडून येतें, वांत्या होतात, व कांहींच्या नाकांतून किंवा हिरड्यांतून रक्त वाहतें. शंभर रोग्यांपैकीं सुमारें ३ ते ५ दगावतात. कांहीं रोगी बरे झाल्यासारखे होऊन पुनः तापतात आणि त्या वेळीं मेंदूवर परिणाम झालेला दिसतो. या रोगावर रामबाण असें औषध नाहीं. वेळेवर इस्पितळांत नेऊन योग्य शुश्रूषा करणें हाच उपाय. कर्नाटकांत सन १९९० पासून जी लस टोंचीत असत तिचा गुण अपुरा ठरल्यामुळें ती सन २०२२ मध्यें बंद करण्यांत आली. रोगी मनुष्यापासून दुसऱ्या मनुष्यास हा ताप होत नाहीं. म्हणून रोग्यास वाळींत टाकणें हें अज्ञानाचें व निर्दयपणाचें कृत्य होय.

आतां या गोचिडीचा जन्मक्रम ध्यानांत घेतला पाहिजे, कारण सगळी मख्खी तेथेंच आहे. आपल्या गोठ्यांतील गुरांवर नेहमीं आढळणारी जी गोचीड, ती लहानपणीं एकदां गुराला चिकटली म्हणजे वाढ पुरी होईपर्यंत त्याच गुरावर राहते. माकडतापाची मुख्य गोचीड या जातीची नव्हे. ती हिमाफिसॅलिस नांवाच्या कुळांतील असून तीन घरची पाहुणी आहे. अंड्यांतून निघालेलें सहा पायांचें पिलूं खसखशीच्या दाण्याहून मोठें नसतें. तें उंदीर, चिचुंद्री, खार, भुईवर चरणारे पक्षी किंवा माकड यांपैकीं एखाद्याचें रक्त पिऊन खालीं गळून पडतें, पातेऱ्यांत कात टाकतें आणि आठ पायांचें होतें. या दुसऱ्या अवस्थेस आपण कुमार-गोचीड म्हणूं. ही कुमार-गोचीड पुनः नवें जनावर शोधते. याच अवस्थेंत ती माणसास विशेषेंकरून डसते. तेथून गळून पडल्यावर ती पुनः कात टाकून प्रौढ होते, आणि प्रौढ गोचिडीस मोठें जनावर लागतें. रानांत तें जनावर म्हणजे गवा, सांबर. आणि गांवाजवळ तें म्हणजे आपली गाय, बैल व म्हैस. गाईचें रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी पातेऱ्यांत उतरते, एकाच जागीं अंड्यांचा मोठा ढीग घालते व मरून जाते.

हा फेरा ऋतुमानाशीं बांधलेला आहे. प्रौढ गोचिडींचा जोर आषाढ, श्रावण व भाद्रपद या महिन्यांत असतो. पाऊस सरतां सरतां, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत, पिलें बाहेर पडतात. पौषापासून वैशाखापर्यंत कुमार-गोचिडींचा सुकाळ असतो. ज्या पिलानें आजारी माकडाचें किंवा उंदराचें रक्त प्यालें, तें कुमार झाल्यावरही त्याच्या अंगांतील विषाणु कायम राहतो. काजूची वेंचणी, पातेऱ्याची गोळाबेरीज, जळणाची तोड, हीं सर्व कामें नेमक्या याच महिन्यांत येतात. शेताचें पंचांग व गोचिडीचें पंचांग हीं अशीं एकमेकांवर बसलेलीं आहेत.

आतां ही गोचीड राहते कोठें व जमते कोठें, हें पाहूं. गोचिडीस उडतां येत नाहीं, उडी मारतां येत नाहीं, आणि ती स्वतःच्या पायांनीं फार दूर जात नाहीं. तिचा मोठा शत्रु म्हणजे कोरडी हवा. म्हणून ती ओलसर पातेऱ्यांत दडून राहते. तेथून गवताच्या काडीवर किंवा झुडुपाच्या पानावर चढते, पुढचे पाय पसरून जाणाऱ्या-येणाऱ्या जनावराची वाट पाहते, आणि अंग सुकूं लागलें म्हणजे पुनः खालीं उतरून ओलावा घेते. श्वासाचा वास व अंगाची ऊब तिला तत्काळ कळते. यावरून उघड होईल कीं, ती रानांत सर्वत्र सारखी पसरलेली नसते. जेथें सावली व पातेरा आहे आणि जेथून जनावरें रोज जातात-येतात किंवा जेथें तीं दुपारीं बसतात, तेथें तिची गर्दी होते. फुगलेली मादी जेथें गळून पडली तेथेंच तिचीं शेंकडों पिलें एका झुबक्यानें निघतात. गुरांची पायवाट, पाणवठ्याचा उतार, बागेच्या गडग्यालगतची घाणेरीची जाळी, ओढ्याकांठची राई, हीं तिचीं घरें होत. त्याचप्रमाणें मेलेल्या माकडाखालची जागाही फार धोक्याची असते. कारण देह थंड होतांच त्यावरील गोचिडी त्यास सोडून भोंवतालच्या पातेऱ्यांत पसरतात, आणि त्यांच्या अंगांत विषाणु असण्याचा संभव सर्वांत अधिक.

येथेंच रानाच्या तुकड्यांचा प्रश्न येतो. घनदाट अखंड रानांत माणूस व गुरें क्वचितच शिरतात. उघड्या माळावर ऊन व वारा गोचिडीस जगूं देत नाहीं. परंतु रान व शेत यांच्या कांठावर तिला दोन्ही बाजूंचा लाभ मिळतो: रानाची सावली आणि गांवाचीं गुरें. एक साधें गणित करून पाहावें. एक किलोमीटर लांब व तितकेंच रुंद असें रान घेतलें तर त्याचा कांठ चार किलोमीटर भरतो. त्याच रानाचे चार सारखे तुकडे वेगवेगळे केले तर एकंदर कांठ आठ किलोमीटर होतो, आणि सोळा तुकडे केले तर सोळा किलोमीटर. झाडें तेवढींच राहिलीं असें धरलें तरी कांठ चौपट झाला. प्रत्यक्षांत झाडेंही कमी होतात व मोठीं श्वापदेंही निघून जातात. उरतात ते उंदीर, चिचुंद्र्या, माकडें आणि आपलीं गुरें.

हा केवळ तर्क नव्हे. कोलंबिया देशाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनीं शिमोग्याच्या रानांत वर्षानुवर्षें काम करून सन १९६९ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत रान तोडून वसलेल्या शेतांच्या कडेस मोकळीं चरणारीं गुरें हेंच गोचीड वाढण्याचें मोठें कारण म्हणून दाखविलें. पुढें सन १९८२-८३ मध्यें दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील बेळतंगडी तालुक्यांत काजूच्या लागवडीकरितां जुनें रान सरसकट तोडण्यांत आलें, आणि त्याच्या पाठोपाठ या तापाची जी सांथ उसळली तींत दीड हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं व सुमारें १५० मरण पावलीं. काजूची बाग लावणाऱ्या आपल्यासारख्यांनीं ही गोष्ट विसरतां कामा नये. आपल्या जिल्ह्यांत रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. दोडामार्गाकडे काजू, रबर व अननस यांकरितां डोंगरच्या डोंगर मोकळे झालेले आपण डोळ्यांनीं पाहिले आहेत. ज्यांनीं हे तुकडे पाडले ते कोणी परके नव्हेत.

कांहीं शेतकरी म्हणतात, "गाईस तर हा ताप होत नाहीं, मग गाईच्या माथीं हा दोष कां मारतां?" आक्षेप वरवर पाहतां बरोबर दिसतो. गाईच्या रक्तांत हा विषाणु रोग पसरविण्याइतका वाढत नाहीं हें खरें. परंतु गाय विषाणु पुरवीत नसली तरी गोचीड पुरविते. माकडें व उंदीर विस्तव देतात, आणि आपलीं गुरें त्यावर घालावयास गवत देतात, अशी ही योजना आहे. विस्तव रानांतून काढून टाकणें आपल्या हातीं नाहीं. गवत कमी करणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.

दुसरे कित्येक म्हणतात कीं, माकडें मारून टाकावीं किंवा रानच जाळून टाकावें. माकडांनीं बागेची नासाडी केल्यामुळें मनांत राग असतो, त्यास या तापाचें निमित्त मिळतें. परंतु चिचुंद्र्या व उंदीर यांच्या शरीरांत विषाणु फिरतच राहणार. माकड गेलें म्हणून तो जात नाहीं. माकडाचें मरणें ही तर आपणांस मिळणारी आगाऊ सूचना आहे. ती सूचना देणाराच नाहींसा केला तर पहिली बातमी आपणांस माणसाच्या मरणानें कळेल. शिवाय मोहिमेच्या नांवाखालीं मेलेल्या माकडांस हात लावणें म्हणजे गोचिडी आपल्या अंगावर ओढून घेणें होय. रान जाळण्याचा परिणाम तर आणखी एक उघडा तुकडा व आणखी लांब कांठ यांतच होईल.

मग करावें काय? आमच्या मतें पहिलें काम पावसाळ्यांतील आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत रानाकडे जाणाऱ्या प्रत्येक गुराचे कान, गळ्याखालची पोळी, कांस, जांघा व शेपटीचें मूळ हीं ठराविक दिवसांनीं तपासावीं. हातीं लागलेल्या गोचिडी बोटांनीं चिरडूं नयेत, गोठ्याबाहेर फेकूं नयेत. रॉकेलच्या डबींत टाकाव्या. गोचीडनाशक औषध गुरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें, ते सांगतील त्या प्रमाणांत व तितक्याच अंतरानें लावावें. औषध लावल्यावर दूध किती दिवस वर्ज्य हेंही विचारून घ्यावें. मनास येईल तसें पातळ औषध वारंवार फवारल्यानें गोचीड त्यास सरावते, हें लक्षांत असूं द्यावें. शक्य असेल त्यानें या तीन महिन्यांत गुरें रानाच्या तुकड्यांत न सोडतां गवत कापून दावणींत घालावें. पावसाळ्यांत हिरव्या गवतास तोटा नसतो. तोटा असतो तो कापावयाच्या श्रमाचा.

दुसरें काम मार्गशीर्षांतील. बागेची जी बाजू रानास लागून असेल तेथें कांहीं हात रुंदीचा पट्टा झुडुपें तोडून व पातेरा काढून उघडा करावा, म्हणजे ऊन जमिनीपर्यंत पोंचेल. काजूच्या झाडांखालची जमीन वेंचणीपूर्वीं स्वच्छ करावी. पडलेली बी लवकर दिसते हा त्यांतील दुसरा लाभ. बागेंत जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी, ती साफ असावी, आणि ती गुरांच्या वाटेहून निराळी असावी. पातेऱ्याचे ढीग घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीस लावून ठेवूं नयेत. तो शेतांतच खड्ड्यांत पुरून कुजवावा.

राबाविषयीं मात्र थोडें अप्रिय बोलावें लागतें. राब भाजण्याची चाल आपल्या वाडवडिलांची आहे, आणि ती निरर्थक नव्हती. परंतु त्याकरितां आपण माघ-फाल्गुनांत बायकापोरांस रानांतील पातेऱ्यांत गुडघ्यापर्यंत उभें करतों, तेंही कुमार-गोचिडींच्या ऐन भरांत. शेणखत घालून केलेल्या गादीवाफ्यावर भाताचीं रोपें राबावांचून चांगलीं होतात, व खाचरांतील हिरव्या खताकरितां बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला पुरेसा मिळतो. ज्या गांवीं माकडें मरत आहेत तेथें तरी रानचा पातेरा आणण्याचें त्या वर्षीं बंद ठेवावें.

तिसरें काम मजुरांविषयींचें आहे, आणि तेंच आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. बाग आपली, उत्पन्न आपलें. परंतु पातेऱ्यांत वांकून बी वेंचणारा हात बहुधा आपला नसतो. गोचीड चावतांना दुखत नाहीं, त्यामुळें मजुरास आपण डसले गेलों हें कळतही नाहीं. म्हणून मालकानें आपण होऊन काळजी घेतली पाहिजे. अंगभर कपडे, पायांत मोजे किंवा पायघोळ घट्ट बांधण्याची सोय, कामावर जाण्यापूर्वीं हातापायांस लावावयास गोचीड दूर ठेवणारें तेल, एवढें मालकानें पुरवावें. संरक्षण खात्याच्या संशोधकांनीं तयार केलेलें डेपा नांवाचें असें तेल कर्नाटकांत रानाजवळच्या गांवीं वांटण्यांत आलें आहे. पातेऱ्यावर बसूं नये, जेवणाची जागा उघड्यावर ठेवावी. घरीं गेल्यावर ऊन पाण्यानें व साबणानें स्नान करून कपडे उकळत्या पाण्यांत धुवावे, मुलांचें अंग वडीलधाऱ्यांनीं तपासावें. चिकटलेली गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. ताप आला तर मजुरानें तो लपवूं नये. तो कां लपवितो हें आपणांस ठाऊक आहे. एक दिवस बुडाला कीं त्याची मजुरी बुडते. तेव्हां वेंचणीच्या दिवसांत तापानें पडलेल्या मजुराची मजुरी चालू ठेवणें, हा धर्मादाय नसून बागेच्या खर्चाचाच एक भाग आहे असें आम्ही समजतों. कुंपण घालण्यास आपण पैसे देतों, तद्वत् हेंही होय.

या सर्वांवर खर्चाचा आक्षेप येईल, तो खोटा नाहीं. तसेंच गवे व सांबरें गोचीड पोसणारच, मग आमच्या चार गुरांनीं काय होणार, असेंही कोणी म्हणेल. उत्तर इतकेंच कीं, आम्ही गोचीड समूळ नाहींशी करूं असें म्हणत नाहीं. माणसाच्या वाटेवर, बागेच्या कडेस, घराच्या आसपास ती कमी व्हावी एवढाच हेतु आहे; आणि तेथें तिला घेऊन येणारें जनावर बहुतेक गव्यापेक्षां गायच असतें. मात्र हें काम एकट्यादुकट्यानें होणारें नव्हे. माझ्या गाई स्वच्छ आणि शेजाऱ्याच्या मोकाट, तर दोघांची बाग सारखीच धोक्यांत. म्हणून आमच्या संस्थेनें प्रत्येक वाडीकरितां पावसाळ्यांत गुरें तपासण्याचे दिवस ठरवावेत, गुरांच्या डॉक्टरांस त्या दिवशीं बोलवावें, औषध व तेल एकगठ्ठा घेऊन सभासदांस त्याच किंमतींत द्यावें, आणि मेलेल्या माकडाची बातमी त्याच दिवशीं आरोग्य व वन खात्यांस पोंचविण्याचें काम प्रत्येक वाडींत एका जबाबदार मनुष्याकडे सोंपवावें. तोंपर्यंत त्या जागेजवळ कोणीही जाऊं नये. पुढील साधारण सभेंत हा विषय घ्यावा अशी आमची चालकांस विनंति आहे.

शेवटीं एक गोष्ट. प्रस्तुत लेखकाची स्वतःची काजूची बाग रानास लागून आहे. ती लावतांना आम्हींही रानाचा एक तुकडा तोडला, आणि आमचींही गुरें कित्येक वर्षें त्या कांठानें चरलीं. म्हणून हा उपदेश प्रथम स्वतःस व मग इतरांस आहे. जें रान उरलें आहे तें आतां आणखी तोडूं नये. जो कांठ झाला आहे तो संभाळावा. आणि जो मजूर आपल्याकरितां त्या कांठावर वांकतो त्यास सुखरूप घरीं पाठवावें. याकरितां येता आषाढ हाच मुहूर्त आहे. फाल्गुनांत उशीर झालेला असेल.